काजळी फासलेला संकासुर

आबा, शिमग्याचा ढोल वाजायला लागला की मी अजून दाराला कडी घालते. सुना हसतात. म्हातारीला सोंगांची भीती वाटते म्हणतात. त्यांना काय सांगू?

पहिली लढाई संपल्यानंतरची ती वर्षं. तुम्ही आगबोटीवर खलाशी होतात, आणि त्या खेपेला मनिलाच्या खालच्या कुठल्याशा बेटावरची गोष्ट घेऊन आला होतात. आई चुलीत सुके बांगडे भाजतेय, तुम्ही भाकरी मोडताय आणि मला सांगताय, "तिकडं पण शिमगा हाय गो बाय, पौषात. सगळा गाव तोंडाला काजळी फासून नाचतो." का, म्हणून मी विचारलं. "जमीन मूळची डोंगरातल्या काळ्या लोकांची. हे गाववाले मागनं होड्यांतनं आले, सोन्याची टोपी दिली न् सखल रान घेतलं. एका वर्सी डोंगरात पिकलं नाय, तवा ते काळे लोक खाली उतरले. ह्यांनी त्यांना जेवू घातलं न् त्यांच्यासारखी तोंडं काळी करून नाचले. आता नाच बाळ येशूच्या नावानं हाय, पण फिरंग्यांनी त्याला आणला तो त्याच्याही मागनं." मग आवाज उतरवून म्हणालात, "आपला संकासुर तरी कोण? देवानं मारलेला राक्षस. तरी वर्सातनं एकदा त्याला दारात नाचवावाच लागतो." आई करवादली, "जेवताना कसली ती मेली सोंगं!"

त्या शिमग्यात संकासुराचं सोंग तुमच्याकडे आलं. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तोंड कापडानं झाकलेलंच असतं, पण तुम्ही त्याच्या आत तव्याची काजळीही फासलीत, त्या बेटावरच्यासारखी. देवळातले गुरवकाका तुमच्यावर चिडले, "सोंगावर सोंग चढवू नये रे." मग आम्हा पोरांना दरवर्षीची ताकीद दिली, "त्याची आंघोळ होईस्तवर माणसासारखी हाक मारायची नाय. मारलीत तर अंगात आलेला जायचा नाय." मी आठ वर्षांची होते. शिमगा उतरला की तुम्ही दोन वर्षांसाठी बोटीवर जाणार होतात. अंगात आलेला गेला नाही, तर तुम्हीही जाणार नाही, एवढाच माझा हिशेब.

भरदुपारी तुम्ही आपल्या अंगणात नाचत होतात. ढोल क्षणभर थांबला आणि मी "आबा!" म्हणून ओरडले. घुंगरं जागच्या जागी गप्प झाली. तुम्ही सावकाश वळलात, कापड वर केलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. त्या डोळ्यांत माझी ओळख नव्हती. आईच्या हातातला नारळ खाली पडला.

विहिरीवर तुम्हाला तीनदा आंघोळ घातली. काजळी गेली. बोटही गेली, तुम्ही मात्र गेला नाहीत. दुसरी लढाई पेटायच्या आदल्या वर्षी वारलात, तोवर घरीच होतात. कुळीथ पेरलेत, कुंपणं घातलीत, माझं लग्नही करून दिलंत. पण म्हैस तुम्हाला जवळ येऊ देईना. आई ताट वाढायची ती हात लांब करून. मला पुन्हा कधी 'बाय' म्हणाला नाहीत. एकदा मी धीर करून त्या बेटाचं विचारलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "कुठलं बेट?"

हे पत्र टाकायचं तरी कुठे? आणि कोणाच्या नावानं? आईला मी शेवटपर्यंत सांगितलं, हाक चुकून तोंडातून गेली. चुकून नव्हती, आबा. आणि घरात राहिला तो तुम्ही नव्हता हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी मला बाप हवा होता, म्हणून मी त्यालाच आबा म्हणत राहिले.