कळवलं कोणी?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सही करून आले. वाचलं, समजलं, मान्य — आणि खाली माझं नाव, परवान्याचा क्रमांक.

शहरात, शिबेनिकला, दिवसभर प्रशिक्षण होतं. खोलीत सगळे आमच्यासारखे एकेकटे धंदा करणारे अकाउंटंट, चष्मे कपाळावर चढवलेले. शिकवायला राजधानीहून, झाग्रेबहून आलेली बाई पोरसवदा, पण आवाज करडा. म्हणाली, युरोपचे नवे नियम येताहेत, फ्रँकफर्टला त्यासाठी वेगळी कचेरी उघडलीय, आता चालढकल चालणार नाही. काळा पैसा पांढरा होतोय असा नुसता संशय आला तरी सरकारला कळवायचं. पुरावा शोधणं तुमचं काम नाही. आणि कळवलं हे ज्याच्याबद्दल कळवलं त्याला सांगायचं नाही. कोणालाच नाही. नवऱ्यालासुद्धा नाही! बोललात तर दंड तुमच्या स्वतःच्या नावावर, परवाना जाईल तो वेगळाच.

मागून म्हातारा ग्रगुर ओरडला, "बाई, मी बेरीज-वजाबाकी शिकलो, चहाडी नाही शिकलो!" सगळे हसले. ती नाही हसली.

मीही हसले. माझी गिऱ्हाईकं कोण? बेकरीवाली, दोन खाणावळी, न्हावी आणि क्रशेवानचा बोटी दुरुस्तीचा कारखाना. यांच्याकडे काळा पैसा असता तर माझी फी वेळेवर नसती आली!

गुरुवार, २३ ऑक्टोबर

क्रशेवानचे उन्हाळ्यातले कागद लावायला घेतले. घ्यायला नको होते असं वाटतंय.

जूनमध्ये परदेशातल्या कुठल्याशा कंपनीकडून मोठी उचल आलीय. बोट दुरुस्तीची आगाऊ रक्कम म्हणे. त्याच आठवड्यात त्यातली बहुतेक रक्कम तिसऱ्याच देशातल्या दुसऱ्या कंपनीला गेली — 'इंजिनाचे भाग'. जुलैत तसंच. ऑगस्टमध्ये तसंच. सप्टेंबरमध्ये तसंच.

कारखाना माझ्या खिडकीतून दिसतो. बोट वर ओढायच्या उतारावर एक जुनी मासेमारीची नाव आडवी पडलीय, बाकी गवत. एवढ्या पैशांची बोट तिथे आली असती तर अख्खं गाव बघायला गेलं असतं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

गेले त्याच्याकडे. क्रशेवान माझा कुम, घरच्यासारखा. म्हटलं, साधंसं काही कारण असेल, हसून परत येऊ.

"कुम, ही बोट कोणती रे?"

"येईल गं."

"जूनपासून येतेय!"

"समुद्र आहे. उशीर होतो."

"आणि इंजिनाचे भाग? जिचं तोंड पाहिलं नाहीस तिचं इंजिन कधी उघडलंस?"

तो फळीच्या फटीत काथ्या ठोकत होता. हात थांबला. माझ्याकडे बघितलंच नाही. "कुमा, तू बेरीज बघ. तेवढंच बघ."

निघताना माझ्या नवऱ्यासाठी, फ्रानेसाठी, खारवलेल्या सार्डिन माशांची बरणी हातात दिली. दर शरदात देतो तशीच.

रविवार, २६ ऑक्टोबर

कसं कळवू? माझ्या लेकीला बाप्तिस्म्याला ज्याने हातांवर धरलं, तो हा. तेव्हापासून तो माझा कुम, मी त्याची कुमा. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. माझी आई गेली तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्याचा होता.

पण पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच आलं तर? आणि त्याच्या पुढच्या? तो स्वतः थांबणार नाही, हे त्याच्या थांबलेल्या हातावरून कळलं. आणि हिशेबावर सही माझी आहे.

फ्राने विचारत होता, काय झालंय? म्हटलं, डोकं दुखतंय.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पाठवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

संत मार्टिनचा दिवस. घरोघरी नवी वाइन. क्रशेवान ऑफिसात आला तो टोपीसुद्धा न काढता.

"बँकेने खातं गोठवलं, कुमा! विचारलं तर म्हणतात, वरून आदेश. कोण वर? माझ्या वर मला तर फक्त छप्पर दिसतं!"

तो समोर बसला. एकेक सांगत गेला. तिघा माणसांचा पगार अडकलाय, लाकूडवाल्याचे पैसे अडकलेत.

"तू पत्र लिही त्यांना. तुझ्यासारखं लिहायला कोणाला जमत नाही."

लिहिलं! मीच कळवायचं आणि त्याविरुद्धची तक्रारही मीच लिहायची. नाही कसं म्हणू? नाही म्हटलं तर तेच उत्तर झालं. चांगलं लिहिलं गेलं, हे आणखी वाईट. सही करताना म्हणाला, "देव तुझं भलं करो."

शनिवार, २२ नोव्हेंबर

नाव ठरलं. गावाने ठरवलं.

फ्राने बारमधून पत्ते खेळून आला तो फणफणत. "दुंको! दुसरं कोण?"

दुंको क्रशेवानकडे सुतार होता. ऑगस्टमध्ये काम नाही म्हणून क्रशेवानने त्याला काढलं. त्यावर दुंको भर बारमध्ये ओरडला होता, सरकारला सांगून तुझं दुकान बंद करवतो! रागाच्या भरात. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि आता सगळ्यांना आठवलंय.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"पुरावा? तोंडावर लिहिलंय त्याच्या! कुमाच्या पाठीत सुरा खुपसला आणि खुशाल कॉफी पीत बसला होता!"

"कॉफी तर तूही पीत होतास."

"तू त्याची बाजू घेतेस?"

मी ताटात भाजी वाढली. माझ्या नवऱ्यासमोर बसून, माझ्याच टेबलावर, मी बटाटे वाढत होते. तो सुरा माझा होता.

सोमवार, १ डिसेंबर

दुंकोच्या गाडीची चारही चाकं कापली.

नव्या वर्षापासून धंद्यांची आपसातली सगळी बिलं संगणकावरूनच पाठवायची, म्हणून गिऱ्हाईकं सकाळपासून रांग लावून बसतात. कोणाला पासवर्ड नाही, कोणाला इंटरनेट नाही. बेकरीवाली कटे तर रडायलाच आली. "युरोपला माझ्या पावाचा एवढा काय हेवा? आधी नाणं बदललं, आता बिल बदलतंय, उद्या पीठ बदलतील!" मग दार लोटून आवाज खाली आणून म्हणते, "पण दुंकोने हद्द केली हं. बाहेरच्यांनी काय वाटेल ते करावं, आपल्यातल्याने सांगावं? बरं, तुला जर कोणी विचारलं, तर तू नाही ना काही सांगणार?"

"मी कशाला सांगू," म्हटलं.

किती सहज आलं तोंडून!

शनिवार, ६ डिसेंबर

संत निकोलाचा दिवस — खलाशांचा संत. मुलं मिठाई-फळांच्या पिशव्या घेऊन फिरताहेत. आणि बंदरात दुंकोची बोट बुडाली.

बापाने बांधलेली, लाकडी. कालपासून बोरा वारा घोंघावतोय, पण ती वाऱ्याने गेली नाही. दोर शाबूत आहे. तळाला भोक पाडलंय. कोणीतरी गिरमिट घेऊन बसून, निवांतपणे.

काठावर माणसं उभी होती. कोणी पाण्यात उतरलं नाही. दुंको एकटा गुडघाभर पाण्यात उभा राहून वल्ही गोळा करत होता, आणि ती त्याच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होती.

फ्रानेला विचारलं, "सकाळी कुठे होतास?"

"तंबाखू आणायला."

पुढे विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही. त्याने केलं असेल तर मीच करवलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

दुंको आला होता. दारातच उभा. बस म्हटलं तर बसला नाही.

"सगळे कागद तुझ्याकडे असतात, पेरिना. मी रंधा मारणारा माणूस. परदेशातून त्याला काय आलं, काय गेलं, मला कुठून कळणार? एवढंच सांग ना त्यांना."

"मला कागदांबद्दल बोलता येत नाही, दुंको."

"कागदांबद्दल नको बोलू. माझ्याबद्दल बोल."

"बघते" म्हटलं. मला माझाच आवाज सरकारी वाटला.

"बायको दुकानात जात नाही आता," तो म्हणाला. "जानेवारीत मी इटलीला जातोय, तिथल्या गोदीत काम मिळतंय. पळून गेला म्हणतील. म्हणू दे."

तो गेल्यावर झाग्रेबला फोन लावला. प्रशिक्षणात त्या बाईने नंबर दिला होता. नाव न घेता विचारलं — एका निरपराध माणसाला गाव छळतंय, मी एवढंच सांगू का की कळवणारा तो नव्हे? तिने शांतपणे ऐकून घेतलं. करडी वाटली नाही या वेळी. म्हणाली, "तो नव्हे म्हणालात, की पुढचा प्रश्न, मग कोण. तुमची अडचण कळते मला. पण नाही."

बुधवार, २४ डिसेंबर

नाताळची पूर्वसंध्या. दरवर्षीप्रमाणे क्रशेवान आणि त्याची बायको तोंका आमच्याकडे. बाकालार शिजवला — सुकवलेला मासा दोन दिवस भिजवून, बटाट्यांबरोबर. चव लागली नाही. मला तरी नाही.

तोंका फार वाळलीय. नवऱ्याच्या काळजीने असेल. मासा ताटात इकडून तिकडे सारत होती. तिला पाव दिला तर दचकली.

क्रशेवानने पेला उचलला. "माझ्या कुमाला! सगळे बाजूला झाले. लाकूडवाल्याने तोंड फिरवलं, बँकेने फिरवलं. ही राहिली. पत्रं लिहिली, एक पैसा घेतला नाही!"

फ्राने टाळ्या वाजवत होता. लेकीने माझ्या गालाचा मुका घेतला. मी प्याले. काय करणार?

शुक्रवार, २ जानेवारी

सुटला!

नाताळनंतर क्रशेवानला शिबेनिकला चौकशीला बोलावलं होतं. त्याने सगळं सांगून टाकलं. आज घरी येऊन आम्हालाही सांगितलं. फ्राने तोंड उघडं टाकून ऐकत होता.

गेल्या वसंतात उताराचे रूळ खचले. दुरुस्तीला बँकेने कर्ज दिलं नाही — लहान धंदा, वय जास्त, कागद कमी. तेव्हा एक सभ्यसा माणूस आला. म्हणाला, तुझ्या खात्यातून पैसे नुसते जाऊ दे, थोडे तुझ्याकडे राहतील. एकदा जाऊ दिले. मग नाही म्हणायची सोय उरली नाही.

आता तो साक्ष देणार. दोन देशांत धरपकड झालीय. ते पैसे सोडून बाकीचं खातं मोकळं झालं. कारखान्यातली दोन माणसं मात्र कंटाळून निघून गेली.

"खरं सांगू?" क्रशेवान म्हणाला. "उन्हाळ्यापासून पहिल्यांदा झोपलो. पण तरी त्या दुंकोला मी माफ करणार नाही. माझ्या तोंडावर येऊन बोलायचं होतं त्याने."

मी आले होते रे तुझ्या तोंडावर!

बस झालं. मंगळवारी तीन राजांचा सण. चर्चमधून सगळे बंदरावर येतात, दुंकोही असेल — गुरुवारी निघतोय तो. तिथेच सांगते. दंड होऊ दे, परवाना जाऊ दे, कुम जाऊ दे. कटेची बिलं दुसरं कोणी करेल. फ्राने काय म्हणेल, ते लिहवत नाही.

सोमवार, ५ जानेवारी

तोंका आली. ऑफिसचं दार आतून लावून घेतलं तिने.

"कुमा, दुंको नव्हे. मी कळवलं. सप्टेंबरात. तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचा मासा खाऊन गेला, आणि जाताना विचारतो, तुमची मुलगी रियेकाला शिकते ना? दुसऱ्या दिवशी मी पोलिसांना पत्र टाकलं. क्रशेवानला माहीत नाही. कोणालाच नाही. त्या बिचाऱ्याची बोट बुडाली तरी मी गप्प बसले! कसं सांगू तुला, अशी गोष्ट एकटीने पोटात ठेवणं काय असतं —"

मी तिचा हात धरून बसले. 'मीही' असं ओठापर्यंत आलं होतं.

उद्या बंदरावर ती सगळ्यांसमोर सांगणार आहे. तिला कोणाची बंदी नाही. तिने सांगितलं की दुंको सुटला, आणि मग कोणी काही विचारणार नाही. मलाही नाही.

"माझ्या शेजारी उभी राहशील ना? तू असलीस की धीर येतो."

राहीन म्हटलं.