माझ्यावाचून अडणारा संघ

२ नोव्हेंबर
जुना ट्रूप लीडर कॉलेजला गेला, त्याची जागा रिकामी आहे, असे आज सरांनी आमच्या स्काउट पथकाला सांगितले. रिकामी कसली? माझी वाट पाहत उभी आहे! संघ चार, नायक चार, पण आवाज एकच. गरुड संघाचा, म्हणजे माझा. बाकीचे शिट्ट्या फुंकतात, मी बोलतो.
निकाल शिबिरात. ट्रूप लीडरची पितळी शिट्टी सरांच्या खणात आहे.
उद्यापासून पहाटे उठून गाठींचा सराव.

३ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
उठलो. गाठी राहिल्या. सेनानींची चरित्रे वाचतो आहे. एकाही सेनानीने तंबूची दोरी स्वतः बांधल्याचे आढळले नाही. नायकाचे हात मोकळेच हवेत, इशारा करायला. गाठी मारायला उपनायक आहे. त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. दिवसाकाठी चार शब्द बोलतो. माझ्या हाताखाली बरा तयार होतोय.

८ नोव्हेंबर
परीक्षा कळली. शिबिरात चारही नायकांना सर टेकडीपलीकडे नेणार. मागे संघांनी तंबू ठोकायचे, चूल पेटवायची, रांधायचे. नायक नसताना संघाचे कसे चालते, ते पाहून ट्रूप लीडर ठरणार.
मर्म मला क्षणात उमगले. बाकीचे भोळे नायक आपापल्या पोरांकडून कामे घोटून घेत बसलेत. अरे, ज्याच्यावाचून सगळे अडते, तोच खरा नेता!
ताई मागच्या वर्षी गाइड्सची नायिका होती. ती म्हणाली, अरे शहाण्या, उलटं असतं ते. मी म्हणालो, तुझ्या काळी नेतृत्वाचा विचार इतका पुढे गेला नव्हता. ती म्हणाली, माझा काळ म्हणजे मागचं वर्ष रे, गाढवा.
वाद वाढवला नाही. तिचे वाचन कमी आहे.

१० नोव्हेंबर
संघापुढे पाऊण तास बोललो. शेवटी आदेश : मी नसताना कोणी काडीला हात लावायचा नाही. पडलेल्या तंबूशेजारी बसून राहायचे. चेहरे होतील तितके अनाथ.
लवंगीने (वयाने सगळ्यात लहान, वाजतो मात्र फार) विचारले, पाऊस आला तर? म्हणालो, भिजा. परिणाम वाढेल. भूक लागली तर? म्हणालो, ध्येय! त्यावर तो म्हणाला, ते शिजवायचं कशात?
मौनीबाबा नुसता आभाळाकडे बघत होता. मग म्हणाला, बरं.
निष्ठा म्हणतात ती ही.

१५ नोव्हेंबर, शिबिर
आजचा तंबू मौनीबाबाने ठोकला. मी दिशा दाखवत होतो. सर म्हणाले, जरा बाजूला हो, त्याला खुंटी दिसत नाहीये.

१६ नोव्हेंबर, दुपारी
टेकडीपलीकडे. सकाळी निघताना सगळे तंबू उतरवले. बाकीचे नायक नखे खातायत, आपल्या पोरांना जमेल ना म्हणून. मी निश्चिंत. माझी पोरं काही करणारच नाहीत.
आभाळ भरले. पडला! धो धो! निसर्गही माझ्या बाजूने. आभाराचे भाषण तयार आहे. नम्र ठेवले आहे.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
घात झाला.
परत येऊन पाहतो तर इतरांचे तंबू लोळण घेतलेले, चुली विझलेल्या. गरुड संघाचा तंबू मात्र नगाऱ्यासारखा ताणलेला. भोवती पाण्याला चर. सूप उकळतेय, आणि लवंगी शेजारच्या संघांना वाढतोय!
सर खिशात हात घालून माझ्याकडे आले. म्हणाले, शाबास, मी तुला ओळखलंच नव्हतं रे, नायक नसताना असं काम करणारा संघ...
पुढचे ऐकायला मी थांबलो नाही. ओंडक्यावर चढलो. म्हणालो, सर, हे बंड आहे! काडीला हात लावू नका, भिजा, उपाशी बसा, असे मी यांना स्वतः बजावले होते! ज्यांनी मला खोटे पाडले, त्यांना इतिहास क्षमा करणार नाही!
आयुष्यातले सर्वोत्तम भाषण. टाळ्यांसाठी थांबलो. कोणी हलेना.
सरांचा हात खिशाबाहेर आला होता, हातात पितळी शिट्टी. तो हात आधी माझ्याकडेच वळला होता, असे लवंगी सगळ्यांना सांगत सुटलाय.
सरांनी विचारले, मग हे करून घेतलं कुणी?
मौनीबाबा म्हणाला, पोरं भिजत होती, सर.
चार शब्द. शिट्टी त्याच्या गळ्यात.

१७ नोव्हेंबर
नव्या ट्रूप लीडरचा पहिला हुकूम : प्रत्येक नायकाने आपला तंबू स्वतः ठोकायचा. माझ्यावर डूख, दुसरे काय!
त्याने गाठ सावकाश मारून दाखवली. मी त्या वेळी बंडखोरांचा शेवट कसा होतो ते त्याला समजावत होतो, त्यामुळे नीट पाहता आले नाही. तो म्हणाला, आता मी नसताना मार.
मारली. आत जाऊन पाहणी केली. समाधानाने खांबाला टेकलो.
हे कापडाखालून लिहितो आहे. खांब पाठीवर आहे. बाहेर पुन्हा थेंब वाजू लागलेत. लवंगी विचारतोय, नायक, बाहेर काढू, की काडीला हात नाही लावायचा?
बोलण्यासारखे पुष्कळ होते.
म्हणालो, काढ.