देवाजवळचा कागद

हैदराबाद, ९ जानेवारी १९९८

माय, पाया पडतो.

मी बरा आहे. मेसमध्ये ज्वारीची भाकर मिळून राह्यली. दादानं लिहिलं, तुझ्या अंगठ्याची जखम अजून भरली न्हाई. लई ठणकती का?

दिवाळीला तुझं रक्त इथं आणून तपासलं अन् ‘शुगर न्हाई’ असा कागद पाठवला. तो खोटा निघाला, माय.

बेकरीवाले पाव फुगवायला खमीर टाकतात ना, त्यातून काढलेलं हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम आम्ही लॅबमध्ये वापरतो. ते रक्तातली साखर बराबर धरतं, मंग मशीन आकडा देतं. ते चुकलं न्हाई. परतूरहून अख्खा दिवस रेल्वेत तुझं रक्त मी साध्या बाटलीत आणलं, टिकवायची पूड टाकलीच न्हाई. वाटेत रक्तातल्या पेशींनीच साखर खाऊन टाकली. आमच्या लॅबच्या मॅडमनी हे काल सांगितलं.

खराब होईल म्हणून त्या एन्झाइमला मी मिनिटभर बर्फाबाहेर ठेवत न्हाई. तुझं रक्त मात्र चिवड्याच्या डब्याला टेकवून आणलं. अन् माझ्या भरवशावर तू गुळाचा चहा पीत राह्यलीस.

दादासंगं जल्दी जालन्याला जा, तिथं नव्यानं रक्त दे.

तो कागद तू देवाजवळ ठेवला म्हणं. तेवढा काढून फाड.

तुझा
पुंजाराम