आईला आवडतं म्हणे

ॲन आर्बर, मिशिगन
रविवार, १९ ऑक्टोबर १९८६

प्रिय चंदूदादा,

प्रिय लिहिलं खरं, पण आज ते लिहिताना हात अडखळला. परवा तुझा फोन आला तेव्हा आईला वॉशिंग्टनच्या विमानात कधी बसवतेस, एवढंच विचारलंस. ती कशी आहे, जेवते का, पाय दुखायचे थांबले का, काही म्हणजे काही नाही. मागवलेलं सामान अजून कसं आलं नाही, असा तुझा सूर होता. दीपावहिनीचे दिवस भरत आलेत, तुम्ही दोघं काळजीत आहात, हे मला कळत नाही असं नाही. मी 'बघते, कळवते' म्हणून फोन ठेवला, कारण माझ्या तोंडून जे निघालं असतं ते वहिनीनं दुसऱ्या फोनवर ऐकायला नको होतं. आणि फोनवर तू मला बोलू तरी कुठे देतोस? लहानपणापासून तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही, तेव्हा आता खुर्ची ओढून बस आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या महिन्यात गणपतीला मी तुझ्याकडे मेरीलँडला आले होते, तो दिवस आठव. घर माणसांनी गच्च भरलेलं. पॉटलकची, म्हणजे ज्यानं त्यानं घरून करून आणलेली, भांडी टेबलावर मावत नव्हती. तू नवा झब्बा घालून, हातात कागदी प्लेट घेऊन जगन्नाथकाकांना आणि बाकीच्या मंडळींना ऑफिसातली गंमत सांगत होतास. एक चिमुकला बेटांचा देश तुमच्या संस्थेकडे कर्ज मागायला आलाय, आणि कशाला, तर गावोगाव पाळणाघरं काढायला आणि बाळंतिणींना पगारी रजा द्यायला! देशाची वस्ती आपल्या इचलकरंजीएवढी आणि थाट स्वीडनचा, असं म्हणालास आणि सगळे खो खो हसले. तू म्हणे अभिप्राय लिहून ठेवलायस की याची काही गरज नाही, तिथे घरोघरी आज्या आहेत, त्या पोरं सांभाळतात, एक पैसा लागत नाही. मी तिथेच, डाळिंब्यांच्या उसळीच्या पातेल्याशी उभी होते. गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा मी ज्या बेटावर घालवला तेच हे बेट, हे तुझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझ्या प्रोफेसरबाईंबरोबर तिथल्या बायकांची पाहणी करायला मी गेले होते, तिथून तुला पत्रंसुद्धा धाडली होती. वाचली होतीस की नाही, देव जाणे.

आता त्या आज्यांचं ऐक. अमेरिकेतल्या दुकानांसाठी तिथे कपडे शिवणारे कारखाने आहेत आणि मशीनवर झाडून सगळ्या बायका. त्यातली आयरिस म्हणून एक माझ्याच वयाची मुलगी. तिला एक तान्ही पोर होती. बाळ कोण बघतं असं विचारलं की ती म्हणायची, माझी आई. झालं, तुझ्यासारख्यांना तेवढं पुरतं. पण तिची आई म्हणजे काही अंगणात माळ ओढत बसलेली म्हातारी नव्हे रे! ती बाई त्याच कारखान्यात दुसऱ्या पाळीला होती. आयरिस सकाळची पाळी संपवून बाहेर यायची, आई दुपारच्या पाळीला आत जायची, आणि फाटकात उभ्याउभ्या बाळ एकीच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर जायचं. मायलेकींची भेट होती ती तेवढीच. मी रोज बघायचे. त्या फाटकाशी अशा कितीतरी जोड्या उभ्या असायच्या. आजी आजारी पडली की लेकीची नोकरी जायची, कारण बाळ घेऊन आत सोडत नाहीत. पुन्हा नोकरी मिळेस्तोवर घरात काय शिजायचं ते तुझ्या अभिप्रायात आलंय का? तिथल्या सरकारनं फार मोठा घास मागितला नव्हता. कारखानदारांकडून पगारामागे थोडी पट्टी, सरकारचा वाटा, उरलेलं तुमचं कमी व्याजाचं कर्ज, आणि त्यातून सगळ्या मुलांना पाळणाघर. एवढंसं बेट, एक वादळ आलं की वर्षाचं पीक जातं, त्यांना सगळं स्वतःच्या खिशातून कसं झेपावं? विमानतळ मोठा करायला तुम्ही त्यांना कर्ज दिलंत. तेव्हा कुणी विचारलं नाही की घरोघरी होड्या असताना विमानतळ कशाला.

तर तुम्ही सगळे हसत होतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिथे बोलले असते तर गणपतीसमोर तमाशा झाला असता, म्हणून मी आईला शोधायला गेले. स्वयंपाकघरात नाही, देवापाशी नाही. मग कुणीतरी म्हणालं, आजी ना, त्या खाली आहेत. तुझ्या बेसमेंटचा जिना उतरले तर जमलेल्या सगळ्या घरांमधली पोरं तिथे. कुणी रडतंय, कुणी इंग्रजीत भांडतंय, एकानं कार्पेटवर ओकून ठेवलंय, आणि मध्ये आपली आई, मांडीवर तुझा विक्रम, खांद्यावर भलत्याच कुणाचं बाळ. पाय सुजून टम्म झालेले. शेजारी तिच्या प्लेटमध्ये मोदक गार होऊन पडला होता. आरतीला तिला कुणी वर बोलावलंच नव्हतं, दादा! पोरांना बघायला कोणी तरी हवंच ना. मी तिच्या हातातलं बाळ घेतलं तेव्हा ती काय म्हणाली असेल? चंदूला सांगू नकोस हं, दिवस सणाचा आहे.

आणि हे त्या दिवसापुरतं नव्हतं, हे मला तिथेच कळलं. तुमच्या कॉलनीतल्या दोघीतिघी दर शनिवारी पोरं आणून सोडतात. आजी आहेत ना घरी! आपल्या मंडळींची ही रीतच पडून गेलीय. बाळंतपण आलं की आधी तिची आई, मग त्याची आई, मग तिच्या व्हिसाचं एक्स्टेंशन. एक विमानात बसते, दुसरी उतरते. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात बाईला बाळंतपणाची पगारी रजा नाही, हाताशी धड पाळणाघर नाही, म्हणून आपण आज्या आयात करतो, आणि वर त्यांना अमेरिका दाखवल्याचा तोरा मिरवतो. आईनं तुझ्याकडे दीड वर्षात काय बघितलं? नायगारा एकदा, तोही पोराची बाबागाडी ढकलत. मी एकदा तुला म्हटलं होतं की ती थकते रे, तर तू हसून म्हणालास, अगं आईला आवडतं. मुलांशिवाय तिला करमत नाही.

आवडतं ना, आवडतंच. म्हणून तर बाबा गेल्यावर तिनं इचलकरंजीत बालवाडी काढली. तू विसरलास? तू तिथेच अक्षरं गिरवलीस. पहाटे मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाणाऱ्या बायका जाताजाता पोरं तिच्या ओट्यावर सोडायच्या, कुणाच्या वेण्या तीच घालायची, कुणाला भाकरी तीच भरवायची. नगरपालिकेत हेलपाटे घालून घालून तिनं खोली मिळवली, दुधाची सोय केली. साऱ्या गल्लीत तिला बाई म्हणत, आजी नव्हे. तू तिला सहा महिन्यांसाठी बोलावलंस तेव्हा ती एका मदतनीस मुलीच्या भरवशावर बालवाडी सोडून आली. सहाचे बारा झाले, बाराचे अठरा. मधल्या काळात त्या मुलीचं लग्न झालं आणि बालवाडीला कुलूप लागलं. आता त्या बायका पोरं कारखान्यात घेऊन जातात आणि मागांच्या खडखडाटात पोत्यावर निजवतात. म्हणजे तुझ्या एका पोरासाठी तिकडे गल्लीभर पोरं उघड्यावर पडली, आणि तू म्हणतोस आजी फुकट! बेटावरच्या बायकांना तरी तू ओळखत नव्हतास. आईला ओळखतोस ना? की तिलाही गृहीतच धरलंयस?

मी तिला विश्रांतीला म्हणून इकडे आणलं, तूही वहिनीच्या बाळंतपणाआधी परत धाडायच्या बोलीवर सोडलंस. पहिला आठवडा ती नुसती झोपली. मग हळूहळू उठली, बसमधून एकटी फिरायला लागली, कंडक्टर नाही म्हणून घाबरायची, मग ड्रायव्हरशीच हात हलवून ओळख काढली. माझ्याबरोबर राहणाऱ्या विनीताचा मुलगा युनिव्हर्सिटीच्या पाळणाघरात जातो. एकदा आई त्याला आणायला गेली आणि तिथल्या खिडकीशी कितीतरी वेळ उभी राहिली. घरी आल्यावर तिनं माझ्यावर प्रश्नांचा भडिमार केला. त्या बायकांना पगार मिळतो का? त्या जेवायला बसतात तेव्हा पोरांकडे दुसरी कोणी बघते? आजारी पडल्या तर रजा मिळते? मी हो हो म्हणत गेले आणि ती एकदम रडायला लागली. तिचं असलं रडणं मी जन्मात बघितलं नव्हतं. मग सगळं बाहेर आलं. बालवाडीचं कुलूप, त्या बायका, आणि तिला परत जायचंय हेही. किती दिवस मनात धरून बसली होती कोण जाणे! पण लगेच पदरानं डोळे पुसून म्हणाली, चंदू अडचणीत आहे, तो सोडेल तर जाईन, नाहीतर नाही.

म्हणून दादा, पहिल्यांदा तुझ्या त्या अभिप्रायाचं. तूच म्हणालास की तो अजून वर गेलेला नाही, डिसेंबरात बैठक आहे. तो फाडून नवा लिही. तुला आकडेमोड येते, माझ्यापेक्षा जास्त येते, मग आजीच्या कष्टांपुढे शून्य मांडताना पेन कसं थांबलं नाही? हवी तर आमची सगळी पाहणी पाठवते. आयरिसच्या पोरीला एक छप्पर मिळू दे, एक बसायची जागा मिळू दे. आणि वहिनीवर मी चिडलेली नाही, हे तिला नक्की सांग. तिला नोकरी टिकवायची आहे, तिची काही चूक नाही. तू सुट्टी काढ, पाळणाघरं शोध, दारोदार फोन कर, विक्रमला न्हाऊमाखू घाल. बाप आहेस ना त्याचा? येत नसेल तर शीक, तुझ्या आईलाही ते पोटातून शिकून आलेलं नव्हतं. डिंकाचे लाडू आणि आळीव वेगळ्या पार्सलनं येताहेत. आईनं इथे दोन दिवस खपून वहिनीसाठी केलेत, डिंक तिनं इचलकरंजीहून येतानाच ट्रंकेत आणला होता.

आता ज्यासाठी हे एक्स्प्रेस मेलनं धाडतेय ते. आई काल डेट्रॉइटहून निघाली. हो, गेली. परतीचं तिकीट तिच्याकडे होतंच, तारीख मी पक्की केली. पण तुला विचारल्याशिवाय ती पाऊल उचलायला तयार नव्हती, म्हणून मी तिला सांगितलं की मी दादाशी बोलले आणि तो म्हणाला, आई, तू खुशाल जा, तू आमच्यासाठी पुष्कळ केलंस, आता आमचं आम्ही बघू. साफ खोटं बोलले. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. खरंच असं म्हणाला? पुष्कळ केलंस असं म्हणाला? पुन्हा सांग. मला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं तिनं, आणि विमानतळावर जो दिसेल त्याला, मराठी कळो न कळो, माझा मुलगा असं म्हणाला म्हणून सांगत सुटली. मुंबईला गिरीशमामाकडे पोचून जरा विसावली की बुधवार-गुरुवारकडे ती तुला फोन लावेल. मला काय हव्या त्या शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस, चालेल मला. पण तिचा फोन येईल तेव्हा तेवढं ते वाक्य तू तिला म्हण, आणि याआधी तू ते कधीच म्हणाला नव्हतास हे तिला कळू देऊ नकोस.

खूप चिडलेली, आणि तरीही तुझीच,
पद्मिनी