थोराच्या बाबांची होडी

लिंकनशायर, इंग्लंड, एप्रिल १९४३

प्रिय थोरा,

काल तुझ्या गावासमोरच्या समुद्रात आम्ही विमानातून चार पाणसुरुंग सोडले. खूण होती तुमचं पांढरं चर्च. खूण दिसली नाही तर सुरुंग परत आणायचे, असा नियम आहे.

"काय रे डॅनिश, दिसतंय का तुझं सासर?" कप्तानाने चिडवलं.

तिथून जर्मन जहाजं जातात. तुझे बाबाही तिथेच जाळी टाकतात. "कॉलेज सोडलेल्याला मुलगी देणार नाही," म्हणून त्यांनी मला हाकललं होतं. कप्तानाला उत्तर देताना तो राग मनात नव्हता, असं शपथेवर सांगता येत नाही.

"दिसतंय," मी म्हणालो.

तुम्हाला सावध करणं म्हणजे फितुरी, म्हणून हे पत्र खिशातच राहील. तुझ्याशी भांडण झालं की बाबा होडी काढत नाहीत ना? मग माझ्यावरून भांड त्यांच्याशी. रोज भांड.

तुझाच,
विगो