बार्लीचं बीळ

बेटावरून, २९ सप्टेंबर १९८७

ती. एनिडताईस,
ऑल्विनचा सा. न. वि. वि.

बाबा धक्क्यावर मासे साफ करताना बादलीच्या काठावर सुरी आपटायचे, टण् टण्, आणि बेटावरची झाडून सगळी मांजरं शाळा सुटल्यासारखी धावत यायची. तो आवाज हल्ली सकाळी कानात येतो. आता सुरी आपटणारं कोणी नाही आणि धावणारंही नाही. माझी बार्ली इथलं शेवटचं मांजर होती. नवं आणायला कायद्याने बंदी.

ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा तुला दोनच ओळी लिहिल्या. जास्त लिहवेना. थेल्मा वारली आणि मी विधुर झालो, तेव्हापासून बार्ली थेल्माच्याच खुर्चीत, तिच्याच निळ्या शालीवर झोपायची. शेवटी शेवटी पाणीही घेईना. मी जवळ बसून शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणत राहिलो. थेल्मा असती तर म्हणाली असती, बिचारीला निदान सुखाने मरू तरी दे.

परसातली जमीन मुळांनी घट्ट, माझ्या हातांत जोर नाही. उतारावर एक रिकामं बीळ दिसलं. तिला शालीत गुंडाळून त्यात ठेवलं आणि तोंड दगडमातीने बुजवलं. ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, पक्षी उत्तरेला गेलेले असतात, तेव्हा सगळीच बिळं रिकामी दिसतात. बेटावर जन्मलेल्या माणसाला एवढं सुचू नये. परवा काळे समुद्रपक्षी परतले. वर्षानुवर्षं जोडी अंडं घालायला आपल्याच बिळात येते. आता दिवस मावळला की एक जोडी त्या बुजलेल्या तोंडाशी बसते, माती उकरते आणि तान्ह्या मुलासारखी रडते.

काय करू ते कळव. तुझ्या मायेची ऊब समुद्र ओलांडून अशीच येत राहो.

तुझा,
ऑल्विन

होबार्ट, ८ ऑक्टोबर

चि. ऑल्विन यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग. अरे, सत्तरीला टेकलास आणि मांजर पुरायला तुला दुसऱ्याचंच घर सापडलं?

ती पाखरं वर्षाला एकच अंडं घालतात. बीळ नाही तर यंदा पिल्लू नाही. थेल्माला हे चाललं असतं का, तूच सांग. बार्लीला तिथून काढ आणि परसात नीट पूर. एकट्याने होत नसेल तर शेजारच्या क्लेम पर्डनला हाक मार. ठाऊक आहे मला, मांजरबंदीसाठी घरोघर फिरून सह्या त्यानेच घेतल्या. बार्लीने मारलेली पाखरांची पिल्लं त्याने पिशवीत घालून तुझ्या दाराला टांगली, तेही विसरले नाही. पण नुसत्या अभिमानाने चूल पेटत नाही, बाळा.

माझे गुडघे बोटीत चढू देत नाहीत, नाहीतर कान धरायला मीच आले असते. वेळेवर जेव. म्हातारीला काळजीत ठेवू नकोस, एवढाच लोभ मागते.

तुझी,
एनिडताई

बेटावरून, १९ ऑक्टोबर

ती. एनिडताईस सा. न.

क्लेमच्या फाटकापर्यंत गेलो. कडीला हात लावला आणि परत आलो. काय सांगणार होतो? ज्या मांजरीने तुमच्या पाखरांची पिल्लं खाल्ली, तिला उचलायला या?

काल स्वतःच कुदळ घेतली. दोन घाव घातले, मातीतून शालीची निळी कड दिसली आणि कुदळ खाली ठेवली. आत ती आता कशी असेल, या विचाराने माती पुन्हा लोटून दिली. तेवढ्यात पक्षी आला. एकटाच. जोडीदार कंटाळून गेला की वाटेत बुडाला, कोण जाणे. मी दोन हात अंतरावर उभा होतो तरी हलला नाही. ताई, इतका लांबचा समुद्र ओलांडून यावं आणि आपल्याच दारातून आत जाता येऊ नये. ते मला बघवत नाही, आणि तिला बाहेर काढणंही माझ्याने होत नाही. दोन्हीकडून मीच

दारावर थाप पडली म्हणून उठलो होतो. पडदा सारून पाहिलं. क्लेम पर्डन उभा आहे. प्रेतयात्रेला घालतात तो काळा कोट, टोपी काढून हातात धरलेली, फावडं भिंतीला टेकवलेलं. त्या पाखराला रोज पाहतोय, काल तुझी कुदळही पाहिली, म्हणाला. मी आतच बसायचं, बघायचं नाही, बाकीचं तो करील. मी अजून कडी काढलेली नाही. बाहेरूनच विचारतोय, तिचं नाव काय होतं.