भाषणाच्या शेवटच्या तीन ओळी

राजापूर,
१२ मार्च १९८४

प्रिय आत्माराम,

तुरुंगातले साहेब हे पत्र तुझ्याआधी वाचतील. वाचू देत.

आई बरी आहे. काजूचा कारखाना बंदच आहे. तिथे काजू सोलणाऱ्या गोदूबाईच्या हाताचं प्लास्टर काल काढलं. बोटं अजून वळत नाहीत. मुकादमाने तिला सळईने मारलं, त्या संध्याकाळी तू सभेचं भाषण लिहायला बसलास. शेवटी लिहिलं होतंस, "सर्वांनी शांततेने साथ द्यावी, एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." मी हसले. वीस वर्षं शाळेत वक्तृत्व शिकवणारी मी! म्हटलं, "असा शेवट केलास तर लोक चपला शोधायला लागतील. वाक्यं लहान हवीत. शेवटी प्रश्न विचार आणि गप्प हो." तुझ्या ओळी खोडून मीच लिहिलं, "गोदूबाईचा हात मोडला. तुमचे हात शाबूत आहेत ना? मग बघत काय बसलात?"

तू म्हणालास, "ताई, हे भलतंच होईल गो."

"काही होत नाही. टाळ्या पडतील."

टाळ्या पडल्याच नाहीत. तू थांबलास आणि अख्खं मैदान उठून कारखान्यावर गेलं. मुकादम पळाला होता. म्हातारा राखणदार रघू घाईने फाटक लावत होता, एवढंच. पहिला दगड त्याच्या कानशिलावर बसला. गुडघ्यांवर येऊन तो हात जोडत होता, "अरे, मी रघू! मला वळखत नाय?" ओळखत होते रे. रोज त्याच्याकडून तंबाखू मागून घेणारेच होते ते. तरी लाथा थांबल्या नाहीत. त्याचा जबडा फुटल्याचा आवाज मी ऐकला. तू घुसून त्याच्यावर पालथा पडलास, तुझ्याही पाठीत दांडे बसले. आणि मी? पहिला दगड सुटला तेव्हा क्षणभर मला अभिमान वाटला होता. माझं वाक्य लागू पडलं होतं.

रघू तिथेच गेला. त्याच्या रक्ताने भिजलेल्या शर्टात पोलिसांनी तुला धरलं. भाषण कोणाचं, विचारल्यावर तू "माझंच" म्हणालास.

परवा रघूच्या बायकोकडे, सगुणाकडे, जाऊन आले. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, असं काय सांगितलान त्याने लोकांना?" भांडं खाली ठेवून मी उठले आणि वकिलांकडे गेले.

सोमवारी रत्नागिरीच्या कोर्टात मी उभी राहणार आहे. माझ्या अक्षरातला तो खोडाखोडीचा कागद वकिलांना दिलाय. तू सुटशील की नाही, ठाऊक नाही. माझी नोकरी जाईल, कदाचित मलाही आत घेतील. आईला सांगून झालंय. हे पत्र एवढ्यासाठीच, की मी बोलत असताना "ताई खोटं बोलतेय" म्हणून तू मध्येच उठू नकोस. मला सगळं बोलू दे.

तुझीच,
दमाताई